चाइल्ड-प्यू ‘ए’, पण अल्बी ग्रेड २: यकृताच्या कर्करोगात हे स्कोअर आयुष्याबद्दल काय सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, जुन्या हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं. यकृतात कर्करोगाच्या तीन गाठी, सर्वांत मोठी ६ सेंटिमीटरची. पोर्टल व्हेन (यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) मोकळी आहे, यकृताबाहेर काही नाही, वडील हिंडते-फिरते आहेत. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं द्रव्य) १.८, अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) ३.६, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) ०.९, पोटात पाणी नाही. एका डॉक्टरांनी ‘चाइल्ड-प्यू ए, यकृत चांगलं आहे, टेस करू’ असं सांगितलं (टेस म्हणजे गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार). दुसऱ्यांनी त्याच रिपोर्टवरून ‘अल्बी ग्रेड २, त्यातही २बी आहे, जपून’ असं सांगितलं. यात बरोबर कोण, आणि वडिलांच्या हाती किती काळ आहे?

दोघेही बरोबर आहेत. चाइल्ड-प्यू आणि अल्बी या यकृताची ताकद मोजण्याच्या पट्ट्या. एकच रिपोर्ट या दोन पट्ट्यांनी मोजला गेला आणि त्यातली एक पट्टी ढोबळ आहे, इतकंच. ‘किती काळ’ याचं उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही. ते कशाकशावर अवलंबून आहे हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, म्हणून जरा लांबीने लिहितो.

बहुतेक कर्करोगांत गाठ केवढी आहे आणि कुठवर पसरली आहे यावर स्टेज ठरते आणि स्टेजवरून पुढचा अंदाज बांधता येतो. यकृताच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण मात्र एकाच वेळी दोन आजार घेऊन येतात: एक ती गाठ, दुसरा तिच्याभोवतीचं आधीच खराब झालेलं यकृत. माणूस गाठीने जाऊ शकतो. तसाच तो गाठ आटोक्यात असताना यकृत निकामी होऊन, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून किंवा जंतुसंसर्गानेही जाऊ शकतो. शिवाय गाठीवरचा जवळजवळ प्रत्येक उपचार उरलेल्या यकृतावर थोडाफार घाव घालतोच. म्हणून यकृताच्या क्षमतेचे स्कोअर आयुष्याचा अंदाज देतात तो बराचसा उपचारांच्या वाटेने: कोणता उपचार देता येईल, कितीदा देता येईल, आणि तो थकल्यावर पुढचा उपचार झेलण्याइतकं यकृत शिल्लक असेल का. हे ध्यानात ठेवलंत तर पुढचे सगळे आकडे आपोआप जागेवर बसतील.

इथे एक गैरसमज दूर करून घेऊ. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे यकृताची कार्यक्षमता नव्हे. पेशींना इजा होत असली की ही विकरं रक्तात वाढतात. पुरत्या थकलेल्या यकृतात ती अगदी नॉर्मल असू शकतात. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या नावाने जो कागद मिळतो, त्यात खरं फंक्शन सांगणाऱ्या गोष्टी दोनच: बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन. तिसरी आयएनआर, आणि ती बहुधा वेगळ्या कागदावर असते.

चाइल्ड-प्यूची जन्मकथा मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या मर्यादा तिथेच आहेत. चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा धोका किती, हे ठरवण्यासाठी वर्गवारी केली. १९७३ मध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी तीत सुधारणा केली. पोषणस्थितीचा निकष काढून त्या जागी रक्त गोठण्याची चाचणी घातली. कर्करोग यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण मिळतात: बिलिरुबिन (२ पेक्षा कमी, २ ते ३, ३ च्या वर), अल्ब्युमिन (३.५ च्या वर, २.८ ते ३.५, २.८ पेक्षा कमी), आयएनआर (१.७ पेक्षा कमी, १.७ ते २.३, २.३ च्या वर), पोटातलं पाणी, आणि यकृतामुळे येणारी गुंगी किंवा भ्रम. बेरीज ५-६ आली तर ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी.

तुमच्या वडिलांची बेरीज ५. यापेक्षा चांगला गुण या पट्टीवर नाहीच. आता शेजारी दुसरा रुग्ण कल्पून पाहा: बिलिरुबिन ०.८, अल्ब्युमिन ४.२, बाकी सगळं तसंच. त्याचीही बेरीज ५. दोघांची यकृतं सारखी आहेत असं कोणताही यकृततज्ज्ञ म्हणणार नाही, पण चाइल्ड-प्यूला फरक दिसत नाही. वरच्या टोकालाही तेच होतं: बिलिरुबिन ३.१ असो की २०, गुण तीनच. शिवाय पोटातलं पाणी ‘थोडं’ की ‘मध्यम’ हे तपासणाऱ्यावर अवलंबून असतं आणि सौम्य भ्रम तर घरच्यांच्याच आधी लक्षात येतो. अल्ब्युमिन घसरणं आणि पोटात पाणी होणं या बऱ्याचदा हातात हात घालून येणाऱ्या गोष्टी. त्यांना वेगवेगळे गुण दिले की एकच बिघाड दोनदा मोजला जातो.

कर्करोगावरच्या मोठ्या औषध-चाचण्यांत बहुतेक करून फक्त चाइल्ड-प्यू ए रुग्ण घेतले जातात. म्हणजे आज ज्यांच्यासाठी उपचारांचे पर्याय सर्वांत जास्त आहेत, नेमक्या त्याच गटात ही पट्टी काही भेद करत नाही. ही उणीव भरून काढायला अल्बी आला.

अल्बी म्हणजे अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन. फिलिप जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये मांडला. जपानी रुग्णांच्या नोंदींवरून सूत्र बसवलं आणि मग इतर देशांतल्या रुग्णांवर तपासून पाहिलं. मुळातच यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर बेतलेला असल्यामुळे तो इथे जास्त कामाचा. सूत्र असं: बिलिरुबिनचा दशमान लॉग गुणिले ०.६६, त्यातून अल्ब्युमिन गुणिले ०.०८५ वजा. उत्तर उणे २.६० किंवा त्याहून खाली आलं तर ग्रेड १, म्हणजे सर्वांत चांगला, उणे २.६० च्या वर ते उणे १.३९ पर्यंत ग्रेड २. त्याच्या वर ग्रेड ३. जपानमध्ये पुढे ग्रेड २ चे उणे २.२७ वर दोन भाग केले गेले, २ए आणि २बी, कारण मधला गट फारच मोठा होता.

एककांकडे मात्र नीट लक्ष द्या. सूत्रात बिलिरुबिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये आणि अल्ब्युमिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये लागतं. तुमचा रिपोर्ट डेसिलिटरच्या हिशोबात असेल तर बिलिरुबिनला १७.१ ने गुणा आणि अल्ब्युमिनला १० ने. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर चुकीचं एकक निवडून हादरून गेलेले नातेवाईक मला नेहमी भेटतात.

वडिलांचं बिलिरुबिन १.८ म्हणजे सुमारे ३०.८ मायक्रोमोल, त्याचा लॉग १.४९, गुणिले ०.६६ म्हणजे ०.९८. अल्ब्युमिन ३६ गुणिले ०.०८५ म्हणजे ३.०६. वजाबाकी उणे २.०८, म्हणजे ग्रेड २बी. त्या कल्पित शेजाऱ्याचा स्कोअर उणे २.८२, म्हणजे स्वच्छ ग्रेड १. चाइल्ड-प्यूने एका खोलीत बसवलेल्या दोघांमध्ये अल्बीने दोन पायऱ्यांचं अंतर दाखवलं. दुसऱ्या डॉक्टरांचं ‘जपून’ इथून आलं.

सूत्राचं अंतरंग पाहिलं की आणखी एक गोष्ट कळते. बिलिरुबिन दुप्पट झालं तर अल्बी जेमतेम ०.२ ने बिघडतो. अल्ब्युमिन अर्ध्या ग्रॅमने, समजा ३.६ वरून ३.१ वर, घसरलं तर ०.४३ ने बिघडतो. तेवढं नुकसान बिलिरुबिन चौपटीहून जास्त वाढल्यावर होईल. घरची माणसं कावीळ किती यावर डोळा ठेवून असतात, आणि अल्ब्युमिन गुपचूप खाली जात असतं.

म्हणूनच अल्ब्युमिनचा आकडा खरा आहे ना, हे बघावं लागतं. शिरेतून अल्ब्युमिनची बाटली नुकतीच दिली असेल तर आकडा वर दिसतो, पण ते यकृताने बनवलेलं नसतं. जंतुसंसर्ग किंवा अंगात दाह असेल, खाणं तुटलं असेल, मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील, तर यकृताचा फारसा दोष नसतानाही तो खाली येतो. बिलिरुबिनचंही तसंच. काहींना जन्मतःच गिल्बर्ट सिंड्रोम असतो, त्यांचं बिलिरुबिन निरोगी यकृतातही २ च्या पुढे जाऊ शकतं. कधी गाठ पित्तनळीवर दाबत असते. नळीत स्टेंट घातला की कावीळ उतरते आणि स्कोअर एकदम सुधारतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर निरुपयोगी. स्कोअर काढण्याआधी हे प्रश्न ज्याने विचारले नाहीत, त्याच्या स्कोअरवर मी फार विसंबत नाही.

अल्बीलाही आंधळे कोपरे आहेत. त्याला पोटातलं पाणी दिसत नाही, भ्रम दिसत नाही, आणि पोर्टल व्हेनमधला वाढलेला दाब तर मुळीच दिसत नाही. अल्बी चांगला असूनही अन्ननलिकेत मोठ्या फुगलेल्या शिरा असलेले रुग्ण असतात. प्लेटलेट्स कमी, प्लीहा मोठी, असं असेल तर स्कोअर काहीही म्हणो, शस्त्रक्रियेला किंवा बेव्हासिझुमॅबसारख्या रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या औषधाला हात घालण्याआधी एंडोस्कोपी हवी.

मेल्ड या तिसऱ्या स्कोअरबद्दल थोडक्यात. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन यांवर तो उभा आहे. पुढे त्यात सोडियमची भर पडली, आणि मेल्ड ३.० मध्ये अल्ब्युमिन व लिंगही आले. तो पुढच्या तीन महिन्यांतल्या मृत्यूचा धोका सांगतो आणि प्रत्यारोपणाच्या यादीत कुणाचा नंबर आधी, यासाठी वापरला जातो. वडिलांचा मूळ मेल्ड ११ च्या आसपास येतो. म्हणजे येत्या तीन महिन्यांत यकृत दगा देण्याची शक्यता कमी. पुढच्या दोन वर्षांत गाठ काय करील हे त्याला ठाऊक नाही. म्हणून तर अनेक देशांत ठरावीक मर्यादेतल्या यकृत-कर्करोगाच्या रुग्णांना प्रत्यारोपणाच्या यादीत वाढीव गुण द्यावे लागतात.

आता गाठ आणि यकृत एकत्र ठेवू. १९९९ पासून वापरात असलेल्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या बीसीएलसी या स्टेज ठरवण्याच्या पद्धतीत गाठ, यकृताची स्थिती आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद अशा तिन्ही गोष्टी धरतात. तीन गाठी, एक तीन सेंटिमीटरपेक्षा बरीच मोठी, शिरेत शिरकाव नाही, रुग्ण धडधाकट: ही स्टेज बी. २०२२ च्या आराखड्यात तिच्यासाठी अपेक्षित आयुष्य अडीच वर्षांहून जास्त दिलं आहे. तुलनेसाठी, ०-ए साठी पाच वर्षांहून जास्त, सी साठी दोन वर्षांहून जास्त, आणि डी साठी सुमारे तीन महिने.

हा ‘अडीच वर्षांहून जास्त’ आकडा वडिलांच्या कपाळावर चिकटवू नका. तो उपचारांना जुळणाऱ्या, यकृत शाबूत असलेल्या रुग्णांच्या गटाचा आहे, आणि २बी हा त्या गटाचा कमकुवत भाग. शिवाय असे आकडे मध्यक असतात: निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही असतात, आणि त्यातले काही खूप नंतरही. नीट बेतलेला स्कोअर दोन रुग्णांपैकी आधी कोण जाण्याचा संभव जास्त, हे नाणेफेकीपेक्षा बऱ्यापैकी चांगलं ओळखतो. एका माणसाचा महिना तो ओळखत नाही.

यकृताचा फरक किती जड पडतो हे एका उदाहरणाने सांगतो. सोराफेनिब हे यकृताच्या कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या गिडियन या निरीक्षणात्मक अभ्यासात चाइल्ड-प्यू ए रुग्णांचं मध्यक आयुष्य १३.६ महिने होतं, बी रुग्णांचं ५.२. औषध तेच. नव्या इम्युनोथेरपीनेही हे चित्र बदललेलं नाही. अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब या औषधजोडीच्या आयएमब्रेव्ह१५० चाचणीत मध्यक १९.२ महिने आलं, सोराफेनिबच्या गटात १३.४, पण तिथे सगळे चाइल्ड-प्यू ए होते. वर्तमानपत्रात वाचलेला १९ महिन्यांचा आकडा चाइल्ड-प्यू बी रुग्णाला लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आता मूळ वादाकडे, टेस करावी की नाही. टेसमध्ये मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत केमोथेरपीचं औषध सोडतात आणि तो रस्ता बंद करतात. गाठ उपाशी मरते. पण शेजारच्या चांगल्या यकृतालाही झळ लागते. टेससाठीच बेतलेला हॅप नावाचा साधा स्कोअर आहे: अल्ब्युमिन ३.६ पेक्षा कमी, बिलिरुबिन सुमारे १ च्या वर, एएफपी (रक्तातली या कर्करोगाची खूण) ४०० च्या वर, गाठ ७ सेंटिमीटरपेक्षा मोठी, या प्रत्येकाला एक गुण. वडिलांना बिलिरुबिनचा एक गुण नक्की. अल्ब्युमिन अगदी उंबरठ्यावर. एएफपी तुम्ही लिहिलेलं नाही; ते ४०० च्या वर असेल तर दोन गुण होऊन ते हॅपच्या बी गटातून सी गटात जातील, आणि तिथे टेसचा फायदा बराच पातळ होतो.

माझा कल सांगतो. टेस वर्ज्य नाही. पण यकृताचा मोठा भाग एकदम न झाकता, प्रत्येक गाठीच्या बारीक फांदीपर्यंत जाऊन केलेली निवडक टेसच करावी, आणि पहिल्या फेरीनंतर यकृत कसं सावरतं ते पाहिल्याशिवाय दुसरीची तारीख घेऊ नये. टेसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत बिलिरुबिन वर जातंच. त्या दिवसांतला स्कोअर काढून घाबरण्यात अर्थ नाही. चार ते सहा आठवड्यांनी काढा. तेव्हाही समजा बिलिरुबिन २.४ आणि अल्ब्युमिन ३.३ असेल, तर वडील चाइल्ड-प्यू ५ वरून थेट ७ वर, म्हणजे बी मध्ये गेलेले असतील, आणि टेसनंतर जी औषधं द्यायची त्यांतल्या बऱ्याचशांचं दार अर्धं मिटलेलं असेल. गाठ थोडी आटवण्यापायी यकृत खर्चून बसणं हा या टप्प्यावरचा सर्वांत महाग सौदा. पहिल्या फेरीला गाठींनी दाद दिली नाही तर तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या आशेवर न राहता, यकृत ए मध्ये असतानाच औषधांकडे वळणारे तज्ज्ञ म्हणूनच वाढले आहेत.

एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त बोलकी असते. सहा महिन्यांत उणे २.६ वरून उणे २.१ वर आलेला रुग्ण आणि वर्षभर उणे २.१ वरच स्थिर असलेला रुग्ण, आज दोघांचा ग्रेड एक. काळजी मला पहिल्याची जास्त वाटते. वहीत तारीख, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट्स आणि वजन लिहीत जा. लॉगचं गणित नको असेल तर ईझी-अल्बी वापरा: नेहमीच्या डेसिलिटरच्या एककांत बिलिरुबिनमधून अल्ब्युमिनची नऊपट वजा करा. उणे ३४.४ किंवा खाली ग्रेड १, तिथून उणे २२.२ पर्यंत ग्रेड २. वडिलांचा उणे ३०.६ येतो.

हा स्कोअर सुधारू शकतो, आणि तुमच्या बाबतीत त्याला बरीच जागा आहे. हिपॅटायटिस बीसाठी एंटेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर चालू आहे का, आणि रक्तातला व्हायरल लोड मोजला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. व्हायरस दबला की काही महिन्यांत यकृत उभारी धरतं. शिवाय व्हायरस मोकळा असताना केमो किंवा इम्युनोथेरपी दिली तर तो उसळी मारू शकतो. दारू असेल तर पूर्ण बंद, एक घोटही नाही. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांपासून दूर राहा. आणि सिरॉसिस म्हटलं की प्रथिनं तोडायची, ही जुनी सवय सोडा: रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाणं चांगलं, कारण थकलेलं यकृत रात्रभरचा उपास सोसत नाही. बिलिरुबिन १.२ आणि अल्ब्युमिन ४.० इतकी साधी सुधारणा झाली तरी अल्बी उणे २.५३ होतो, म्हणजे २ए.

प्रत्यारोपणाच्या दारात हे सगळं गणित उलटं होतं, म्हणून त्याबद्दल वेगळं सांगतो. १९९६ च्या मिलान निकषांत, म्हणजे एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, बसणाऱ्या रुग्णाचं यकृत कितीही वाईट असलं तरी नवं यकृत दोन्ही आजार एकदम काढून टाकतं. चाइल्ड-प्यू सी आणि छोटी गाठ, म्हणून ‘आता काही होणार नाही’ असं सांगून घरी पाठवलेले रुग्ण पाहिले की वाईट वाटतं. त्यांना आधी प्रत्यारोपण केंद्रात पाठवायला हवं होतं. वडील आज मिलानच्या बाहेर आहेत. पण गाठी उपचारांनी आटल्या, मर्यादेत आल्या आणि काही महिने तशाच राहिल्या, तर अनेक केंद्रं पुन्हा विचार करतात. त्यामुळे टेस ठरवण्याआधीच एकदा प्रत्यारोपण तज्ज्ञांचं मत घ्या. नंतर घेतलं तर तेव्हाचा स्कोअर आजचा नसेल.

पुढच्या भेटीला जाताना एएफपी, प्लेटलेट्स, एंडोस्कोपी आणि व्हायरल लोड हे चार रिपोर्ट हातात ठेवा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘या उपचारानंतर यकृत कुठे असेल, आणि तेव्हा पुढचा पर्याय कोणता उरेल?’